निगुती : अर्थ आणि वापर

आजीला जाऊन वर्ष होत आले. घरच्यांसाठी तिच्या आठवणी लिहून काढताना 'आजी फार काटकसरी होती' असे वाक्य मी लिहिले आणि तिथेच अडलो. तालुक्याच्या गावातल्या चार खोल्यांच्या घरात तिचे जवळजवळ सारे आयुष्य गेले, पण काटकसर हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही. तिचा शब्द होता निगुती.

काटकसरीतला 'कसर' हा मूळचा अरबी शब्द असून तुटलेला अंश, उणीव असा त्याचा अर्थ आहे. कमी आहे म्हणून जपायचे, हा भाव त्यामुळे या शब्दात येतोच. आजीचे वागणे तसे नव्हते. जुना सदरा उसवायला घेतला की ती सुईच्या टोकाने एकेक टाका उचलायची, दोरा तुटू न देता अख्खा ओढून काढायची, त्याला पडलेले वळसे ओल्या बोटांनी सरळ करायची आणि मग तो रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवायची. काकूने घाईने कात्री लावली की म्हणायची, "अगं, निगुतीनं उसव, कापडाला कळता कामा नये." तेव्हा शेजारच्या डब्यात नवी रिळे भरलेली असत, दोऱ्याची वानवा मुळीच नव्हती.

वापराच्या दृष्टीने पाहिले तर हा शब्द आज बहुतेक 'निगुतीने' या तृतीयेच्या रूपातच भेटतो, आणि तोही करणे, ठेवणे, उकलणे अशा सावकाश होणाऱ्या हातच्या कामांसोबत. 'निगुतीने धावला' असे कोणी म्हणत नाही. 'निगुतीची बाई' हा प्रयोग मात्र मला अजून जिवंत वाटतो.

प्रतिसाद : निगुती आणि निगा हे एकच नव्हेत का? आणि टापटीप का चालू नये?

उत्तर : टापटीप डोळ्यांना दिसते, काम संपल्यावर, निगुती काम चालू असताना हातात असते. आजीच्या कपाटात टापटीप फारशी नव्हतीही. निगा हा फारसी 'निगाह'वरून, म्हणजे नजर या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि निगा कोणाची तरी राखायची असते : झाडाची, आजाऱ्याची. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा आजीने त्यांची निगा राखली असे मी निःशंकपणे लिहीन. पण त्यांची कूस बदलताना चादरीची एकही सुरकुती ती पाठीखाली राहू देत नसे, ते तिने निगुतीने केले असेच लिहावे लागेल. दोन्ही शब्द एकाच खोलीतले असले तरी त्यांची कामे वेगळी आहेत.

'काटकसरी' खोडले आहे. त्या जागी आता सदरा उसवण्याचे वाक्य येईल.