वाल्व रेडिओ: वीस मिनिटांनी आवाज फाटतो, ईएल ८४ ची प्लेट लाल होते

खारा_वारा (वेंगुर्ला):
१९६० च्या सुमाराचा टेबल रेडिओ. वाल्व ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ (स्पीकर चालवणारी आउटपुट वाल्व), ईझेड ८० (एसीचा डीसी करणारी रेक्टिफायर). सुरू केला की मागे सतत घरघर. वीस मिनिटांनी आवाज फाटतो आणि ईएल ८४ ची प्लेट लालसर दिसते. मीडियम वेव्हला मधूनच कडकड, काटा फिरवताना खरखर. दुसरी ईएल ८४ घालून पाहिली, फरक शून्य. घर किनाऱ्याला लागून, पावसाळाभर सेट बंद होता. ईझेड ८० बदलू का?

डाख_पेस्ट (मालवण):
आधी प्लग काढा, मगे बोला. असाच चालवलात तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं प्रायमरी जळेल. वाल्व जुन्या बाजारात मिळून जाते, तो ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

वाल्व बदलून फरक नाही म्हणजे संशय ईबीसी ८१ च्या प्लेटवरून ईएल ८४ च्या ग्रिडला (वाल्वचा करंट आवरणारी जाळी, पिन २) येणाऱ्या ०.०१ मायक्रोफॅरडच्या कागदी कंडेन्सरवर. मेण भेगाळतं, दमट हवा आत जाते, तो डीसी सोडायला लागतो. हिशेब बघा: कंडेन्सरची गळती २० मेगओहम, ग्रिड रेझिस्टर १ मेगओहम, प्लेटवर १०० व्होल्ट. ग्रिडवर पावणेपाच व्होल्ट चढले. करंट आवरून धरणारा कॅथोडचा बायस जेमतेम ७ व्होल्ट, त्यातला बराचसा खाऊन टाकला, म्हणून करंट वाढून प्लेट लाल. कंडेन्सर तापला की गळती वाढते, म्हणून वीस मिनिटं.

ईएल ८४ च्या पिन २ ते चेसिस व्होल्ट मोजा, डिजिटल मीटरनेच. शून्य हवेत. नसतील तर प्लग काढून कंडेन्सरचं एक टोक सोडवा आणि परत मोजा. नवा घालताना पॉलिप्रॉपिलीन, ६३० व्होल्टचा.

जुना_चोक (रत्नागिरी):
घरघर वेगळी गोष्ट. ती फिल्टरच्या इलेक्ट्रोलिटिकची, बहुतेक ३२+३२ मायक्रोफॅरडचा डबा असेल. जागेवरच डब्याला समांतर नवे जोडू नका, गळका जुना तसाच राहतो. त्याच्या वायरी सोडवा, डबा दिसण्यापुरता राहू द्या, आणि खाली ३३ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचे दोन लावा. दुकानदार १०० चा देईल, ‘जास्त चांगला’ म्हणून. घेऊ नका. ईझेड ८० नंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० आहे. त्यापुढे प्रत्येक चार्जिंगला करंटचा धक्का वाढतो आणि आत ठिणग्या पडतात. ईझेड ८० आत्ताच बदलायचं कारण नाही.

पहिल्यांदा सिरीज बोर्डवरच लावा, म्हणजे सेटच्या वीजवाटेत मालिकेत ६० वॅटचा तारेचा बल्ब. एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क राहिला तर शॉर्ट. बायसचं माप मात्र बल्ब काढूनच, कारण बल्बवर फिलामेंट उपाशी असतं. मागचा व्होल्टेज सिलेक्टरही बघा, २२० वर असेल तर सर्वांत वरच्या टॅपवर न्या.

खारा_वारा:
पिन २ वर ४.२ व्होल्ट होते. कंडेन्सर सोडवल्यावर १.३ उरले. का?

डाख_पेस्ट:
आता ईएल ८४ काढून रिकाम्या सॉकेटवर पिन २ मोजा. झटपट, कारण लोड गेल्यावर एचटी (प्लेटला जाणारा उंच डीसी व्होल्टेज) चढतो. १.३ तसेच असतील तर सॉकेटच गळतंय: बॅकेलाइटवर मिठाचा थर, त्याला ओल लागली की ७ आणि ९ वरचा एचटी सरकत २ पर्यंत येतो. शून्य झाले तर वाल्वमध्ये गॅस, दुसरी घाला.

सॉकेट आयसोप्रोपिल आणि टूथब्रशने घासा. गंज काढायचे घरगुती स्प्रे नकोत, त्यांचा तेलकट थर पुन्हा खारी धूळ धरतो. चेसिस खोक्यात ४० वॅटच्या बल्बखाली दोन दिवस ठेवा, त्यानंतरच माप खरं. सॉकेटवर जळल्याची काळी रेघ उमटली असेल तर सॉकेट बदला, नऊ पिनी सिरॅमिक. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. काढण्याआधी वायरींचा फोटो.

जुना_चोक:
खरखर गँगची, म्हणजे काट्याबरोबर फिरणाऱ्या स्टेशन लावायच्या कंडेन्सरची. रोटरला चेसिसशी जोडणारी पातळ स्प्रिंगपट्टी असते, ती काळी पडते. पट्टीखाली थेंबभर कॉन्टॅक्ट क्लीनर सोडा आणि गँग इकडून तिकडे वीसेकदा फिरवा. पात्यांवर पांढरी भुकटी दिसली तर मऊ ब्रश, बोट नाही.

कडकड आयएफ डब्यातून (ईसीएच ८१ आणि ईएफ ८९ च्या मधला छोटा ट्रान्सफॉर्मर) येत असेल. ईसीएच ८१ ची प्लेट २५० वर, आणि ईएफ ८९ च्या ग्रिडवर शून्य किंवा थोडं निगेटिव्ह हवं. तिथे पॉझिटिव्ह आलं तर डब्यातला मायका कंडेन्सर गळतोय. प्रायमरीचा रेझिस्टन्सही बघा: काही ओहम ते पंधरा-वीस ठीक, उघडं दाखवलं तर बारीक तार हिरवी होऊन तुटली. डाखाच्या टोकाशीच तुटलेली असेल तर जोडता येते. डब्यातले कोअर (जुळणीचे स्क्रू) फिरवू नका.

गाबीत_गल्ली (देवगड):
डायलची दोरी कुजली असेल तर जाळ्यांच्या दुकानात विणलेली मासेमारीची दोरी मागा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. एकेरी नायलॉन नको, ताणतं आणि शाफ्टवर घसरतं. शाफ्टला तीन वेढे, गाठीवर नेलपॉलिशचा थेंब.

आणि मृगापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोनदा तासभर चालवा. प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवलात तर ओल आतच कोंडते. खिडकी समुद्राकडे असेल तर सेट दुसऱ्या भिंतीला न्या.