'रिव्हॉल्व्हर'चं नवं मिश्रण: गरज होती का?

मोनोनिष्ठ (धागाकर्ता)

आपल्याकडे रीमिक्स म्हटलं की जुन्या गाण्याला ठोके चिकटवून केलेला धुडगूस आठवतो. इथे विषय वेगळा आहे. बीटल्स या चौघांच्या बँडच्या (लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन, रिंगो) 'रिव्हॉल्व्हर' या अल्बमचं (५ ऑगस्ट १९६६) नवं स्टीरिओ मिश्रण (डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा आवाज) ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, त्याबद्दल बोलायचंय. गाणारे-वाजवणारे तेच, टेपही तीच. कोण किती मोठ्याने आणि कुठल्या बाजूने ऐकू यायचं, एवढं नव्याने ठरवलं गेलं. ठरवणारे जाइल्स मार्टिन, म्हणजे मूळ निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे चिरंजीव, आणि सोबत सॅम ओकेल. त्याच संचात गाण्यांचे पर्यायी टेक (म्हणजे तेच गाणं पुन्हा वाजवून केलेली वेगळी ध्वनिमुद्रणं) आणि अर्धवट प्रयत्नही दिले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. पर्यायी टेक हवे तेवढे काढा, मी पैसे मोजीन. मिश्रणाला मात्र हात लावू नका.

कारण या अल्बमात मिश्रण म्हणजे वादन संपल्यावरची आवराआवर नव्हती. एप्रिल ते जून १९६६, लंडनचा अ‍ॅबी रोडवरचा ईएमआय स्टुडिओ, चार ट्रॅकची यंत्रं (टेपवर आवाजाच्या चारच पट्ट्या). वीस वर्षांचा जेफ एमरिक नुकताच मुख्य ध्वनिमुद्रकाच्या जागी आलेला. त्याने रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक कंपनीच्या नियमात बसत नव्हता इतका जवळ नेला. लेननचा आवाज ऑर्गनच्या गरगर फिरणाऱ्या लेस्ली स्पीकरमधून काढला. लेननला एकच ओळ दोनदा गाण्याचा कंटाळा येतो म्हणून स्टुडिओतल्या केन टाउनसेंडने टेपयंत्रं जोडून आवाज आपोआप दुहेरी करायची युक्ती काढली, तीच एडीटी. 'टुमॉरो नेव्हर नोज'साठी टेपचे पाच लूप (टोकं जोडलेली वेटोळी) इमारतीतल्या वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होते. माणसं पेन्सिली अडकवून ते लूप ताणून उभी होती आणि कुठला आवाज कधी वर यायचा हे फेडरवरची (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्यांवरची) बोटं त्या क्षणी ठरवत होती. याला वादन नाही तर काय म्हणायचं?

आणि मोनो (सगळा आवाज एकत्र, डावं-उजवं नाही) मिश्रणांत चौघांनी स्वतः लक्ष घातलं होतं. तेव्हा घरोघरी मोनोच वाजायचं. स्टीरिओ मागाहून उरकलं गेलं. शेवटचं गाणं २१ जूनला ध्वनिमुद्रित झालं आणि लगेच मंडळी जर्मनीच्या दौऱ्यावर निघाली. म्हणजे त्यांनी मनावर घेतलेलं 'रिव्हॉल्व्हर' आपल्याकडे आहे. मग पंचावन्न-छप्पन वर्षांनी नवं कशाला?

तिठ्ठा

मोनोनिष्ठराव, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने माझंच काम सोपं केलं. स्टीरिओ उरकलं होतं हे तुम्हीच म्हणताय. मग उरकलेलं काम कुणी नीट केलं तर तक्रार कसली?

आता त्या उरकाउरकीचे पुरावे. 'टॅक्समन' घ्या. १९६६च्या स्टीरिओत ड्रम, बास, गिटार सगळं डाव्या कानात कोंबलेलं. लोकलमध्ये एक इअरफोन मित्राला दिलात तर एकाला गाणं मिळतं आणि दुसऱ्याला गायन अधिक खुळखुळा. 'एलिनॉर रिग्बी'च्या कडव्यात मॅकार्टनी उजव्या कोपऱ्यात उभा आहे. त्यातही पहिल्या कडव्याच्या सुरुवातीला दुहेरी केलेला आवाज क्षणभर दोन्हीकडून येतो आणि मग एकदम उजवीकडे आवरला जातो. फेडर खाली घ्यायला कुणालातरी उशीर झाला. ही कला नव्हे, चूक आहे.

आणि जगाने ऐकलं ते हेच! १९८७ मध्ये सीडी आली ती स्टीरिओची. मोनो सीडीवर यायला २००९ उजाडलं. तुमचं पवित्र मोनो वीस-बावीस वर्षं दुकानात नव्हतंच.

शेवटचं. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' या दोन अल्बमची स्टीरिओ मिश्रणं सीडीसाठी खुद्द जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केली होती. तेव्हा कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

मोनोनिष्ठ

वडील त्या खोलीत होते. चिरंजीवांचा जन्म १९६९चा. एवढंच उत्तर.

तिठ्ठा

मग वाड्याची डागडुजी फक्त मूळ गवंड्यानेच करायची का?

खर्ज

दोघांच्याही भांडणात एक मुद्दा राहून जातोय. धागाकर्ते म्हणतात तसं 'टेप तीच' हे खरं आहे, पण अर्धंच.

चार ट्रॅकच्या यंत्रावर ड्रम, बास आणि ऱ्हिदम गिटार बऱ्याचदा एकाच ट्रॅकवर जायची. एकदा एकत्र गेली की गेली, नंतर कुणालाही वेगळी काढता यायची नाहीत. डाव्या कानातली ती गर्दी आळसापेक्षा या अडचणीतून जास्त आली. अख्खा ट्रॅक एकतर इकडे, नाहीतर तिकडे, नाहीतर मधे. 'सार्जंट पेपर'चं नवं मिश्रण २०१७ मध्ये झालं, 'व्हाइट अल्बम'चं २०१८ मध्ये, 'अ‍ॅबी रोड'चं २०१९ मध्ये. आधीचा अल्बम असून 'रिव्हॉल्व्हर' मागे राहिला तो यामुळेच.

मग चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या न्यूझीलंडमधल्या चमूने बीटल्सवरच्या २०२१च्या माहितीपटासाठी आवाज वेगळे काढणारी संगणकप्रणाली तयार केली. गिटार कशी वाजते, स्नेअर ड्रम कसा वाजतो हे तिला शिकवलं आणि तिने एका ट्रॅकमधून वाद्यं सुटी केली. इथे माझी शंका सुरू होते. झांजेची किनार आणि गिटारची तार जिथे एकाच वारंवारितेवर येतात, तिथे यंत्र अंदाज बांधतं. तो अंदाज बहुतेक वेळा चांगला असतो. तरी अंदाजच. शिवाय एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये झिरपतो, त्यातून त्या खोलीची हवा ऐकू येते. वाद्यं स्वच्छ सुटी केली की ती पातळ होते. नव्या 'शी सेड शी सेड'मध्ये रिंगो सुरेख ऐकू येतो, पण मला तो बाकीच्यांपासून काचेपलीकडे बसल्यासारखा वाटतो.

रीमिक्सला माझा विरोध नाही. फक्त 'आता खरं ऐकू येतंय' ही जाहिरातबाजी बंद करा. हे २०२२ मधलं एक मत आहे आणि मत म्हणून चांगलं आहे.

जर्सीची शमा

'मूळ' या शब्दाला लोंबकळणाऱ्यांसाठी थोडी अमेरिकन माहिती. इथल्या कॅपिटॉल कंपनीने काढलेल्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये चौदाऐवजी अकराच गाणी होती. लेननची तीन गाणी त्यांनी आधीच 'येस्टरडे अँड टुडे' या दुसऱ्या तबकडीवर खपवली होती. त्यामुळे अमेरिकेच्या 'रिव्हॉल्व्हर'मध्ये लेनन जेमतेम दोन गाण्यांपुरता उरला. इथे माझ्या आसपासच्या सत्तरी ओलांडलेल्यांच्या डोक्यातलं 'मूळ' हेच आहे आणि ते त्याच्यावर मनापासून प्रेम करतात.

त्या तीनपैकी 'आय'म ओन्ली स्लीपिंग' घ्या. त्यातली उलटी वाजणारी गिटार ब्रिटनच्या मोनोत एका ठिकाणी येते, स्टीरिओत दुसरीकडे, अमेरिकन तबकडीवर आणखी कुठेतरी. आता सांगा, मोनोनिष्ठ, कुठली गिटार मूळ?

तुमच्या मोनोचीही तीच गत. पहिल्यांदा छापलेल्या काही मोनो तबकड्यांवर 'टुमॉरो नेव्हर नोज'चं अकरा क्रमांकाचं मिश्रण गेलं. मग जॉर्ज मार्टिन यांनी ते काढून आठ क्रमांकाचं टाकायला लावलं. ते अकरा क्रमांकवालं ज्यांच्याकडे आहे ते संग्राहक आज त्याला सोन्यासारखं जपतात. म्हणजे १९६६च्या त्याच महिन्यात, त्याच देशात दोन मोनो होते.

मोनोनिष्ठ

शमाताई, उदाहरण फर्मास, पण ते माझ्या बाजूने जातं. अकरा काढून आठ घातलं कुणी? करणाऱ्यानेच. दोन्ही ऐकून त्याने निवड केली आणि विषय संपवला. कॅपिटॉलने तीन गाणी उचलली ती मात्र दुकानदारी. चौघांना ती काटछाट कधीच आवडली नव्हती. निवड आणि काटछाट एका पंगतीला बसवू नका.

जर्सीची शमा

आणि करणाऱ्याने जे टाकून दिलं, ते तुम्ही पैसे मोजून ऐकणार! 'पर्यायी टेक हवे तेवढे काढा' हे तुमचंच वाक्य ना? निर्मात्याची निवड एवढी अंतिम असेल तर कचऱ्याची टोपली कशाला उपसता?

सदूभाऊ कोल्हापूर

शमाताईंना दुजोरा. मला रीमिक्स चालतो, आउटटेकच (न वापरलेले टेक) खुपतात. 'अँड युअर बर्ड कॅन सिंग'चा तो हसण्याचा टेक सगळे डोक्यावर घेतात. लेनन-मॅकार्टनी गाता गाता खिदळतात आणि थांबता थांबत नाहीत. पहिल्यांदा मजा येते. तिसऱ्यांदा तुम्ही दुसऱ्याच्या घरात चोरून बघताय असं वाटतं. लेनन १९८० मध्ये गेला, हॅरिसन २००१ मध्ये. विचारायचं कुणाला? माणूस गेल्यावर त्याची वही छापायची आणि वर जाड पुस्तक जोडून किंमत लावायची!

मोनोनिष्ठ

भाऊ, त्या संचातला एकच तुकडा ऐका आणि मग बोला. 'यलो सबमरीन' हे मॅकार्टनीने रिंगोसाठी केलेलं पोरांचं गाणं, असं आपण सगळे धरून चाललो होतो. संचात लेननची घरगुती टेप आहे. नुसती गिटार आणि तो. चाल तीच ओळखीची, पण शब्द आपल्या जन्मगावी कुणालाच आपली पर्वा नव्हती अशा अर्थाचे. सूर पार खचलेला. पाणबुडी नाही, बँड नाही, गंमत नाही. त्या गाण्याची मुळं कुठे आहेत हे इतक्या वर्षांनी कळलं ते टोपली उपसल्यामुळेच.

दुसरं, 'रेन'. ते अल्बमवर नाही, पण त्याच दिवसांतलं, सिंगलच्या मागच्या बाजूचं. बँडने ते भरधाव वाजवलं आणि टेपचा वेग कमी करून ती जडशीळ, ओली चाल मिळवली. संचात मूळ वेगाचा टेक आहे. रिंगोचा हात कसा पळतोय ते ऐकलं की गाण्याचं गुपित उलगडतं, आणि १९६६चं गाणं होतं तसंच राहतं. आउटटेक शेजारी येऊन बसतो. रीमिक्स मुख्य खुर्चीवर बसतो. म्हणून मी एकाला हो म्हणतो, दुसऱ्याला नाही. शमाताई, तुमच्या टोपलीलाही हेच उत्तर.

डग्गा

सहसा लिहीत नाही, पण 'लव्ह यू टू'चं नाव अजून कुणी काढलं नाही म्हणून राहवलं नाही.

त्यातला तबला अनिल भागवत यांचा. मूळ वेष्टनावर त्यांचं नाव छापलेलं आहे. बाकी भारतीय वादकांची नाही, आणि 'एलिनॉर रिग्बी'च्या आठ तंतुवादकांचीही नाहीत. भागवत आडनाव वाचून आमच्या तबल्याच्या क्लासमध्ये त्या तबकडीला जरा जास्तच मान होता, हे कबूल करतो. हॅरिसनने त्यांना रविशंकरांच्या ढंगाने सोळा मात्रांत वाजवायला सांगितलं आणि बाकीचं त्यांच्या मनावर सोडलं, असं त्यांनी नंतर सांगितलंय.

मोनोत चाट (तबल्याच्या काठावरची थाप) खणखणीत येते, डग्गा मात्र बाकीच्या गलबल्यात बुडतो. नव्या मिश्रणात डग्ग्याची घुमक, मनगट दाबून काढलेला घिस्सा, सगळं मोकळं झालंय. तबला शिकणाऱ्याच्या कानाला ही मेजवानी आहे. माझं मत रीमिक्सला, आणि कारण शुद्ध स्वार्थी आहे. पन्नासहून जास्त वर्षं त्या माणसाचा डावा हात नीट ऐकू येत नव्हता.

संचात याच गाण्याचा पहिला टेकही आहे. हॅरिसन आणि साधी गिटार, तबला-सतार काहीच नाही. तेही गाणं उभं राहतं, हे ऐकून चकित झालो.

सदूभाऊ कोल्हापूर

कॅसेटच्या काळात झंकार बीट्सवालेही हेच म्हणायचे. जुन्या गाण्यात ताल नीट ऐकू येत नाही, आम्ही ऐकवतो!

डग्गा

भाऊ, त्यांनी बाहेरून ढोलकं आणून ठोकलं. इथे एक थापही नवी नाही. ज्याची होती त्याचीच ऐकू येते आहे.

खर्ज

डग्गा, मुद्दा मान्य, फक्त सगळ्या गाण्यांना तो लावू नका. 'लव्ह यू टू'त फायदा झाला. 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये लूप फेडरवर खेळवतानाच एका ट्रॅकवर घेतले होते, त्यामुळे तो खेळ कुणी नव्याने खेळू शकत नाही. फार तर तो गोतावळा या कानातून त्या कानात फिरवा. 'एलिनॉर रिग्बी'त तंतुवाद्यं दोन्हीकडे पसरली आणि मॅकार्टनी मध्यभागी आला, ते चांगलं वाटतं. तरीही एमरिकने माइक जवळजवळ तारांना टेकवून आणलेली ती करवतीची धार मोनोत जास्त कापते.

संचात या गाण्याच्या टेकआधीचं बोलणं आहे. व्हायब्रॅटो (सूर थरथरवणं) घालायचा की नाही यावर जॉर्ज मार्टिन आणि वादक चर्चा करतात. ते ऐकलंत तर कळेल की ती धार ठरवून आणली होती.

तिठ्ठा

सगळं ठीक. पण एक गोष्ट धागाकर्ते मुद्दाम लपवतायत. त्याच संचात १९६६चं मोनोही जसंच्या तसं दिलंय. कुणी तुमच्याकडून काही हिरावलेलं नाही. ज्याला जे हवं ते त्याने लावावं.

मोनोनिष्ठ

लपवतोय कुठे? तो संच विकत घेणारे आपण चार पागल. माझा भाचा मोबाइलवर शोधणार, अ‍ॅप जे वर दाखवेल ते लावणार, आणि त्याच्या लेखी तेच १९६६. खर्ज म्हणाले तसं वेष्टनावर ठळक छापा, '२०२२चं मत'. मग माझी तक्रार निम्मी होईल.

जर्सीची शमा

निम्मीच? उरलेल्या निम्म्या तक्रारीचं मिश्रण मोनो की स्टीरिओ?