मेट्रॉइड २ (गेम बॉय) पहिल्यांदाच खेळतोय: नकाशाशिवाय वाट कशी शोधायची?

पडवी

गेम बॉयवरचा 'मेट्रॉइड २: रिटर्न ऑफ सॅमस' मूळ कार्ट्रिजवर सुरू केला आहे, यंत्र गेम बॉय ॲडव्हान्स एसपी. या मालिकेतला हा पहिलाच खेळ. बॉम्ब, आइस बीम (गोठवणारा मारा) आणि स्पायडर बॉल (गोळा होऊन भिंतीला चिकटून चढायची सोय) मिळाले आहेत. उजवीकडे खाली दिसणारा मेट्रॉइडचा (खेळात मारायचे त्या जीवांचा) आकडा ३९ वरून ३५ वर आला आणि तिथेच थांबलाय. खाली जायचा रस्ता ॲसिडने भरलेला आहे.

प्रश्न असे: १) खेळात नकाशा नाही, तर राहिलेला मेट्रॉइड शोधायचा कसा? २) मेट्रॉइडशी गाठ पडेपर्यंत मिसाईल संपत येतात. किती शिल्लक ठेवायची? ३) नवा बीम घेतला की जुना जातो म्हणतात, ते खरं का? ४) सेव्ह केलेली फाइल दुसऱ्या दिवशी गायब होती. चूक माझी की कार्ट्रिजची?

शेवट सांगू नका. सांगावाच लागला तर आधी तसं लिहा.

---

सह्यकडा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर खेळातच आहे, फक्त कुणी ते दाखवून देत नाही. स्टार्ट दाबून खेळ थांबवा आणि त्याच कोपऱ्यातला आकडा परत बघा. चालू खेळात तिथे संपूर्ण एसआर३८८ ग्रहावर उरलेले मेट्रॉइड दिसतात. खेळ थांबवल्यावर मात्र ॲसिडची पुढची पातळी उतरण्याआधी किती मारायचे ते दिसतं. तुमच्याकडे आत्ता १ दिसेल. तो मेला की जमीन हादरेल, ॲसिड खाली जाईल आणि मुख्य विवराचा पुढचा टप्पा मोकळा होईल.

ग्रहाची रचना समजली की निम्मी भीती जाते. एक मुख्य विवर खाली खाली जातं, त्याला बाजूंनी एकेक प्रदेश जोडलेला आहे आणि ॲसिड हे त्या प्रदेशांमधलं कुलूप आहे. पहिलं कुलूप १ मेट्रॉइडचं, दुसरं ४ चं, तिसरं ८ चं. म्हणजे तुमचा राहिलेला मेट्रॉइड ॲसिडच्या वरच आहे, खाली नक्की नाही. ॲसिडमधून पोहून पलीकडे जायचा प्रयत्न करू नका, एनर्जी सतत गळत राहते आणि हाती काही लागत नाही.

स्पायडर बॉल मिळाल्यावर अडकणारे बहुतेक जण एकच चूक करतात: जमिनीवरूनच शोधत राहतात. तुम्ही आहात त्या भागातल्या भग्न इमारतीच्या बाहेरच्या भिंती आणि गुहेचं छत अख्खं पालथं घाला. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा आणि सॅमसची (खेळातल्या नायिकेची) आकृती त्या मानाने मोठी, त्यामुळे एका वेळी फार थोडं दिसतं. छताला लागून गेल्याशिवाय छतातलं भोक दिसतच नाही. मेट्रॉइड जवळ आहे याची एक खूणही आहे: वाटेत त्याची टाकलेली रिकामी कात पडलेली असते. कात दिसली की पुढे जाण्याआधी मागे जाऊन मिसाईल भरून घ्या.

नकाशासाठी चौकटीचा कागद घ्या, एक पडदा म्हणजे एक चौकट. प्रत्येक दगड काढत बसू नका. सेव्हची जागा, एनर्जी भरणारा गोळा, मिसाईल भरणारी जागा, दरवाजे आणि जिथे अजून जाता आलं नाही ती तोंडं, एवढ्या पाच खुणा पुरतात. प्रत्येक प्रदेशाला वेगळा कागद. पुढे सारख्या दिसणाऱ्या बोगद्यांमध्ये गोल गोल फिरायला होतं, तेव्हा हाच कागद वाचवतो.

---

टाचणी

मिसाईलचा हिशोब. मेट्रॉइडवर साध्या बीमचा उपयोग नाही, मिसाईलच लागतात. मेट्रॉइडच्या वाढीचे टप्पे चार, त्यानुसार: अल्फाला ५, गॅमाला १०, झेटाला २०, ओमेगाला ४०. हे झाले नेमके लागलेले, चुकलेले वेगळे. नवख्याने दुप्पट धरून चालावं: अल्फासमोर १०, गॅमासमोर २०, झेटासमोर ४०. ओमेगासमोर ८० हाताशी असतील तर निवांत लढता येतं. सुरुवातीला ३० मिळतात, प्रत्येक टाकीने १० वाढतात आणि कमाल २५० होतात. म्हणून भिंतीत टाकी दिसली आणि ती घ्यायला पाच मिनिटं लागणार असतील तरी घ्या. मिसाईलने उघडायचे दरवाजेही याच साठ्यातून खातात, तो खर्च धरायला लोक विसरतात.

मिसाईल वाया जातात कशी? बहुतेक वेळा अंगावर येणाऱ्या मेट्रॉइडवर पळता पळता मारल्यामुळे. अल्फा साधारण वर घिरट्या घालून खाली झेपावतो. एका जागी उभे राहा, वरची दिशा दाबून ठेवा, तो डोक्यावर आला की मारा आणि बाजूला सरका. गॅमा अंगातून विजेचे फाटे सोडतो, त्यामुळे त्याच्यापासून अंतर जास्त लागतं: फाटे आखडले की दोन मारा, परत मागे. उडी मारून हवेत असताना खालीही नेम धरता येतो आणि जमिनीवर बसूनही मारता येतं. या दोन्ही गोष्टी पहिल्या मेट्रॉइडमध्ये नव्हत्या, त्यामुळे जुन्या सवयीने खेळणारे त्या वापरतच नाहीत. तुमची पाटी कोरी आहे, हा फायदाच.

सिलेक्टने मिसाईल सुरू-बंद होतात. लढाई संपली की लगेच बंद करण्याची सवय लावा. साध्या किड्यांवर दहा मिसाईल गेलेली कळतही नाहीत.

साठा आटला आणि भरायची जागा लांब असेल तर एखाद्या बोगद्याच्या टोकाशी थांबा. शत्रू पुन्हा उगवतील तसे मारून पडेल ते गोळा करा. कंटाळवाणं काम आहे, पण अर्धवट साठ्याने झेटासमोर जाण्यापेक्षा हे बरं.

स्पायडर बॉलबद्दल थोडं. खाली दोनदा दाबून गोळा व्हायचं, गोळा असताना पुन्हा खाली दाबलं की तो भिंतीला चिकटतो. कोपरा आला की दिशेचं बटण सोडू नका. दाबून ठेवलंत तर तो त्याच बाजूने वळत भिंतीवरून छतावर आपोआप जातो. मध्येच सोडून दुसरं बटण दाबायला गेलात तर उलटा फिरतो. चिकटलेला असताना स्वतःचाच बॉम्ब लावला तर स्फोटाने सुटून खाली येतो. छतातले दगड फोडताना हे हटकून होतं, त्यामुळे तिथे बॉम्ब लावला की लगेच बाजूला सरका. चढण्याआधी वाटेतले किडे मारून घ्या. उंचावरून पडल्याने एनर्जी जात नाही, वेळ मात्र जातो.

---

डाग_आणि_कथील

चौथा प्रश्न: चूक तुमची असण्याची शक्यता कमी. या कार्ट्रिजमध्ये सेव्ह एका छोट्या रॅममध्ये राहतं आणि यंत्र बंद असताना त्या रॅमला आतली लिथियम बटण-बॅटरी वीज देते. खेळ १९९१ सालचा. बॅटरी मूळची असेल तर तिशी उलटून गेली आहे.

आधी खात्री करा. सेव्हच्या चौथऱ्यावर उभं राहून स्टार्ट दाबा, सेव्ह झाल्याचं दिसल्यावर यंत्र बंद करा. दोन मिनिटांनी चालू करून बघा, मग रात्रभर ठेवून बघा. दोन मिनिटांत फाइल राहते आणि रात्रीत जाते, तर बॅटरीच. दोन मिनिटांतही जात असेल तर बॅटरी पूर्ण गेली आहे किंवा तिचा सांधा सुटला आहे. नुसती कार्ट्रिजची जोडणीची पट्टी घाण असेल तर सहसा खेळच नीट सुरू होत नाही. तरी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकाडीने एकदा पुसून घ्या.

बदलायची असेल तर कवच उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट लागतो, साधा पेचकस चालत नाही. आत बॅटरीवर कोरलेला क्रमांक वाचा आणि तोच घ्या, पण आधीच पत्र्याचे पाय जोडलेला. पाय नसलेली सुटी बॅटरी घेऊन तिच्यावर थेट डाग देऊ नका. लिथियम सेल तापला तर फुटतो. जुनी काढताना अधिक-उणे कुठे होतं त्याचा फोटो काढून ठेवा, उलटी बसली तर सेव्ह होणार नाही. मल्टिमीटरवर नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. जुनी काढली की आधीचं सगळं सेव्ह जाणार, म्हणून हे काम खेळ पुढे जाण्याआधी, म्हणजे आत्ताच करा. पस्तीसवर आहात, फार काही गमावणार नाही.

टेपने बॅटरी चिकटवण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. टेप सैल पडते आणि एखाद्या धक्क्यात सगळं सेव्ह पुसलं जातं. करू नका.

---

रानमोडी

बीमचं खरं आहे. आइस, वेव्ह, स्पेझर, प्लाझ्मा यांपैकी एका वेळी एकच. नवा घेतला की जुना गेला. पण जुना जिथे मिळाला होता तिथे परत जाऊन पुन्हा घेता येतो, म्हणून घाबरून नवा सोडू नका. मधल्या भागात प्लाझ्मा सगळ्यात सोयीचा. आइस बीमचा खरा उपयोग शेवटी.

*इथून पुढे रहस्यभेद. पडवी, आकडा १ वर येईपर्यंत वाचू नका.*

आकडा १ वर आला की खेळ संपला असं वाटतं. मग तो एकदम ९ होतो. आठ अळ्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या असतात आणि नववी राणी. या अळ्या म्हणजे मूळ मेट्रॉइड, त्यांच्यावर सरळ मिसाईल चालत नाहीत. आधी आइस बीमने गोठवायच्या, मग वितळण्याआधी ५ मिसाईल. आइस बीम नसेल तर इथे गाडी अडते. शेवटच्या भागात तो परत मिळतो, तिथे दुसरा कितीही आवडता असला तरी बदला. अळी अंगाला चिकटली तर गोळा होऊन बॉम्ब लावा, ती सुटते.

राणीला नुसत्या मिसाईलनी मारायचं तर १५० नेमकी लागतात, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ सगळा साठा. दुसरी रीत स्वस्त आहे. तिने तोंड उघडलं की आत मिसाईल मारा, ती क्षणभर थिजते. तेवढ्यात गोळा होऊन तोंडात शिरा, पोटात जा आणि बॉम्ब लावा. आत असताना एनर्जी गळत राहते, म्हणून टाक्या भरून जा. ती बाहेर थुंकते, मग पुन्हा तेच. चूक होते ती घाईत: थिजण्याआधीच आत उडी घेतली की चावा बसतो.

त्यानंतर जे होतं ते सांगत नाही. वर जाताना आपल्याच्याने न फुटणारे दगड आडवे आले तर शस्त्र शोधू नका, जरा थांबा आणि सोबत कोण आहे ते बघा. गुनपेई योकोई निर्माते असलेल्या निन्टेन्डो आर अँड डी १ च्या लोकांनी चार करड्या छटांमध्ये केलेला हा शेवट मला आजही या मालिकेतला सगळ्यात हळवा वाटतो. १९९४ चा सुपर मेट्रॉइड थेट इथूनच पुढे सुरू होतो.

*रहस्यभेद संपला.*

एक मतभेद नोंदवतो. २०१७ चा थ्रीडीएसवरचा नवा अवतार आधी खेळा असा सल्ला बरेच जण देतात. त्यात नकाशा आहे, नेम कुठेही धरता येतो, खेळ उत्तमच आहे. पण मूळ खेळातली कोंडलेली, आवाज मधूनच विरून जाणारी गुहा त्यात नाही. मूळ आधी, तो नंतर.

---

सह्यकडा

रानमोडींशी सहमत. ज्यांच्याकडे कार्ट्रिज नाही त्यांच्यासाठी: फेब्रुवारी २०२३ पासून निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वातल्या गेम बॉय संग्रहात हा खेळ आहे. तिथे खेळ काही क्षण मागे नेण्याची सोय आहे. लढाईत ती वापरू नका, मिसाईल कधी राखायची हे शिकायला होत नाही. शोधताना वापरली तर माझी हरकत नाही.

आणि घड्याळाकडे पहिल्या फेरीत लक्ष देऊ नका. शेवटचं चित्र लागलेल्या वेळेनुसार बदलतं, सगळ्यात चांगल्यासाठी ३ तासांच्या आत संपवावा लागतो. ते दुसऱ्या फेरीचं काम.

---

पडवी

खेळ थांबवल्यावर १ दिसला. इमारतीच्या बाहेरून छतापर्यंत चढल्यावर कात सापडली, पुढे अल्फा. आकडा ३४, ॲसिड उतरलं. रात्रभर ठेवल्यावर फाइल पुन्हा गेली, त्यामुळे बॅटरी मागवतोय. एकच शंका: स्प्रिंग बॉल (गोळा असताना उडी मारायची सोय) मिळाला की स्पायडर बॉल जातो का? बीमसारखं?

---

टाचणी

नाही. अदलाबदल फक्त बीमची. गोळ्याची, उडीची आणि सूटची उपकरणं साठत जातात. स्प्रिंग बॉल घेताना मात्र सावध राहा, ती वस्तू दिसते तशी नसते. समोर आलेल्यावर बीम आणि मिसाईल वाया घालवू नका, गोळा होऊन बॉम्ब लावा.