मदत हवी आहे: इंग्लंडमधील फार्मसीत मुदत संपलेल्या कंट्रोल्ड ड्रग्जचा नाश आणि साक्षीदाराची अडचण

नमस्कार.

इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसीत काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या सभासदांकडून एका बाबतीत मार्गदर्शन हवे आहे. मिडलँड्समधील एका छोट्या, कोणत्याही साखळीत नसलेल्या फार्मसीत मी नुकतीच रिस्पॉन्सिबल फार्मासिस्ट (फार्मसीच्या दैनंदिन कामकाजास जबाबदार फार्मासिस्ट) म्हणून रुजू झाले. येथील सीडी कपाटाचा, म्हणजे कंट्रोल्ड ड्रग्ज (कायद्याने कडक नियंत्रण असलेली औषधे) कुलपात ठेवण्याच्या कपाटाचा, खालचा कप्पा मुदत संपलेल्या मालाने भरला आहे. मॉर्फिनच्या गोळ्या, ऑक्सिकोडोनच्या कॅप्सूल, फेंटानिलचे पॅच आणि डायमॉर्फिनच्या अँप्यूलची काही खोकी असा हा माल असून सगळा शेड्यूल 2 मधला, म्हणजे कडक नियंत्रणाच्या यादीतला आहे. तो वेगळ्या पिशव्यांत, वर ठळक खूण करून ठेवलेला आहे. मात्र प्रत्यक्ष नाश होईपर्यंत तो रजिस्टरमधील शिल्लकेत धरावाच लागतो, त्यामुळे प्रत्येक मोजणीला देण्याजोगा माल आणि बाद माल असे दोन्ही मोजून बेरीज जुळवावी लागते आणि चालू मालासाठी कपाटात जागा उरत नाही.

मिसयूज ऑफ ड्रग्ज रेग्युलेशन्स 2001 मधील 27व्या नियमानुसार फार्मसीच्या स्वतःच्या साठ्यातील शेड्यूल 2 ची औषधे अधिकृत साक्षीदारासमोरच नष्ट करता येतात. औषधाचे नाव, स्वरूप, तीव्रता, प्रमाण आणि तारीख यांची नोंद रजिस्टरमध्ये करून त्याखाली साक्षीदाराची सही घ्यावी लागते. अशा साक्षीदारासाठी आम्ही विनंती पाठवली आहे, परंतु भेटीची तारीख अद्याप मिळालेली नाही. फार्मसीच्या मालकांचे म्हणणे असे की, रुग्णांनी परत आणलेली औषधे आपण दोघांच्या सहीने नष्ट करतोच, मग दुसऱ्या फार्मासिस्टला साक्षीला घेऊन हेही संपवून टाकावे. माझ्या मते हे नियमात बसत नाही. रुग्णाकडून परत आलेल्या औषधांना अधिकृत साक्षीदार लागत नाही, त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवणे आणि सहकाऱ्यासमोर नाश करणे ही चांगली पद्धत मानली जाते, एवढेच. ती सवलत दुकानाच्या साठ्याला लागू करता येणार नाही.

मालकांचा वैताग मला कळतो. महाराष्ट्रात काम करताना मुदत संपलेला माल 'नॉट फॉर सेल' लिहिलेल्या खोक्यात बाजूला काढायचा, स्टॉकिस्टकडे परत पाठवायचा आणि क्रेडिट नोटची वाट पाहायची, एवढीच सवय होती. येथे हा माल आपल्याच कपाटात अडकून पडतो. तरीही नियम उगाच आलेला नाही. इंग्लंडमधील हाइड येथील डॉक्टर हॅरल्ड शिपमन याला 2000 साली 15 रुग्णांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली. पुढे डेम जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीचा चौथा अहवाल 2004 मध्ये याच औषधांच्या देखरेखीवर आला आणि 2006 च्या हेल्थ अ‍ॅक्टने या औषधांच्या हाताळणीवर देखरेख ठेवणारे अकाउंटेबल ऑफिसर हे पद कायद्यात आणले. शिपमनने डायमॉर्फिन साठवले ते बऱ्याच अंशी रुग्णांच्या नावे लिहून घेऊन आणि मृत रुग्णांच्या घरी उरलेला साठा उचलून. म्हणजे ज्या उरलेल्या औषधांवर आज साक्षीदाराची सक्ती नाही, गळतीचा धोका तेथेच अधिक असावा असे मला वाटते. आमच्याकडे परत आलेल्या पिशव्यांची वही मी म्हणूनच जरा कडकपणे ठेवू लागले आहे.

आता नेमके विचारायचे ते असे. अकाउंटेबल ऑफिसर स्वतः साक्षीदार होऊ शकत नाही, पण इतरांना तसा अधिकार देऊ शकतो. आमच्या कपाटाशी दैनंदिन संबंध नसलेल्या, शेजारच्या गावातील एखाद्या फार्मासिस्टला असा अधिकार कोणी मिळवून दिला आहे काय? त्यासाठी अर्जात काय लिहिले, व्यक्तीची कोणती माहिती द्यावी लागली, आणि तो अधिकार एकाच भेटीपुरता मिळाला की पुढेही चालला? मोठ्या साखळ्यांकडे आपापले अधिकृत साक्षीदार असतात, त्यामुळे त्यांच्याकडील अनुभव आम्हाला फारसा लागू पडत नाही. एकट्या दुकानांत काम केलेल्यांनी आवर्जून लिहावे.

दुसरा प्रश्न प्रत्यक्ष नाशाबद्दल आहे. फेंटानिलच्या पॅचची मागची पट्टी काढून, चिकट बाजू आत येईल असा पॅच दुमडून डीनेचरिंग किटमध्ये (औषध निकामी करणाऱ्या डब्यात) टाकायचा, हे ठाऊक आहे. मात्र एकाच वेळी बरेच पॅच आणि अँप्यूल असतील तेव्हा साक्षीदारासमोरच प्रत्येक अँप्यूल फोडून रिकामी करता का, आणि त्यात किती वेळ जातो? पाणी घालून हलवलेले किट घट्ट होईपर्यंत पुन्हा कपाटातच ठेवावे लागते, म्हणून एका भेटीत किती किट पुरतील याचा अंदाज आधी बांधावा लागेल. शिवाय टी28 सवलतीची (फार्मसीतच ही औषधे निकामी करण्यासाठी कचरा परवान्यातून मिळणाऱ्या सुटीची) एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडील नोंदणी चालू आहे ना, हे मी तपासते आहेच.

साक्षीदार येईपर्यंत बाद मालासाठी दुसरे सीडी कपाट बसवून घ्यावे, असा माझा विचार आहे. मालकांना ते खर्चाचे वाटते. कोणी तसे केले असल्यास कपाटाचा आकार आणि ते भिंतीला बसवून घेण्याचा खर्च कळवल्यास त्यांच्याशी बोलणे सोपे जाईल.