थायरॉइडची गोळी चालू आहे, आज चाचणी पॉझिटिव्ह आली. डोसचं विचारायला बारा दिवस थांबू का?

आज पहाटे घरी चाचणी केली, दोन रेघा आल्या. दुसरी फिकट होती म्हणून तासाभराने पुन्हा केली, तीही तशीच. दहा महिने वाट पाहत होतो. अजून हात थरथरतायत, लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

पाळी चुकून पाच दिवस झालेत, म्हणजे पाचवा आठवडा चालू आहे. मला चार वर्षांपासून हायपोथायरॉइड आहे (थायरॉइड ग्रंथी कमी काम करते), लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम रोज घेते. तीन महिन्यांपूर्वी टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढतो तो रक्ततपासणीतला आकडा) ३.८ आला होता. रिपोर्टवर तो नॉर्मलमध्ये दिसला म्हणून डॉक्टरांना दाखवलाच नाही. आता कळतंय की थायरॉइडची गोळी चालू असेल तर दिवस राहण्याआधी तो २.५ च्या खाली आणतात. गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात गर्भपात झाला होता. तोही यामुळेच झाला का, हे मनातून जात नाही.

डॉक्टरांची वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली आहे. इतक्या लवकर सोनोग्राफीत काही दिसत नाही, असं रिसेप्शनवर सांगितलं. ते पटतं, पण गोळीचं काय? तोवर आहे तोच डोस चालेल का? आणि फॉलिक अ‍ॅसिड, लोहाची गोळी, थायरॉइडची गोळी, तिन्ही मी सकाळी एकदमच घेते, विसरायला नको म्हणून. चालतं ना?

प्रतिसाद

मनापासून अभिनंदन गं! मीही यातून गेले आहे, माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे.

सोनोग्राफीसाठी थांब, गोळीसाठी थांबू नकोस. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण १२ आठवड्यांनंतर कामाला लागते आणि पुरेसं हार्मोन तयार व्हायला १८ ते २० आठवडे उजाडतात. तोवर सगळं तुझ्याकडूनच जातं. म्हणून गरज चौथ्या ते सहाव्या आठवड्यातच वाढू लागते आणि बहुतेकींचा डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो. पुष्कळ डॉक्टर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायला सांगतात. तू मनाने वाढवू नकोस, पण आजच फोन कर आणि डॉक्टरांपर्यंत एवढा निरोप जाऊ दे: गरोदर आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे, शेवटचा टीएसएच ३.८, आधी एक गर्भपात. डोस वाढवू का आणि टीएसएच कधी तपासू? तिथून उत्तर आलं नाही तर थायरॉइडची गोळी ज्यांनी लिहून दिली त्यांना विचार. पुढेही निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात.

लोहाची गोळी मात्र आजपासून वेगळी कर. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. एकत्र घेतलं की थायरॉइडची गोळी अंगी नीट लागत नाही; तुझा आकडा त्यानेही वर गेला असेल. फॉलिक अ‍ॅसिड अजिबात सोडू नकोस, बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो ती याच दिवसांत बंद होते.

गेल्या वेळचं स्वतःवर घेऊ नकोस. पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या बिघाडामुळे होतात, तिथे कुणाच्याच हातात काही नसतं.

पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खूप रक्त गेलं, तर वेळ बघू नकोस, थेट दवाखान्यात जा.

मूळ प्रश्नकर्ती

फोन केला. अर्ध्या तासात डॉक्टरांचाच उलट फोन आला. उद्या सकाळी रक्त द्यायचंय, डोस आजपासूनच वाढवलाय. तुमचं वाचून रडूच आलं, पण बरं वाटलं. उद्याची गोळी रक्त देण्याआधी घ्यायची की नंतर? हे विचारायचं राहून गेलं.

प्रतिसाद

रक्त दिल्यावर घे, गोळी बरोबर घेऊन जा. आणि केसांसाठी बायोटिन वगैरे चालू असेल तर लॅबमध्ये आधी सांग, त्याने आकडा चुकीचा येऊ शकतो. रिपोर्ट आला की इथे नक्की लिही, मी वाट बघतेय.