कलाकाराला पैसे कुणी द्यावेत, सरकारने की गुपचूप एखाद्याने?

कागदकिडा: अनुदानाला माझा विरोध नाही, पण ज्याच्या हातात तुरुंगाच्या किल्ल्या त्यानेच लेखकाचं घर चालवायचं, हे जरा विचित्र नाही का वाटत?

बिनसाखरेचा: रशियन लेखक बुल्गाकॉव्ह आठवा. १९३० मध्ये नाटकं बंद पाडलेली, त्याने सरकारला लिहिलं की काम द्या नाहीतर देशाबाहेर जाऊ द्या, आणि एप्रिलमध्ये थेट स्टालिनचा फोन. थिएटरमध्ये नोकरी लागली, पण १९४० ला मेला तोवर बरंचसं लिखाण पडूनच.

उशिरा_उठणारी: उलट फॉन मेक नावाच्या श्रीमंत विधवा बाई बघा! रशियन संगीतकार त्चैकोव्स्कीला १८७७ पासून मदत, पुढे वर्षाला ६,००० रूबल, अट एकच, भेटायचं नाही. हजाराच्या वर पत्रं झाली, एकदा चुकून घोडागाड्या समोरासमोर आल्या तर त्याने टोपी उचलली आणि दोघं एक शब्द न बोलता पुढे गेले. त्याने चौथी सिंफनी तिला अर्पण केली तीही नाव न घेता, फक्त "माझ्या सर्वोत्तम मित्राला". कसली माणसं यार!

बिनसाखरेचा: हो पण १८९० ला बाईंनी पैसे अचानक बंद केले ना, तो किती दुखावला. आणि झारने १८८८ मध्ये ३,००० रूबलची पेन्शन दिलेली ती आयुष्यभराची होती, हे विसरताय.

कागदकिडा: अरे हे माहीत नव्हतं. मग ब्रिटनने १९४६ ला आर्ट्स कौन्सिल काढली तसं काहीतरी बरं, पैसा सरकारचा पण वाटणारे वेगळे. अर्थात त्या वाटणाऱ्यांना नेमतं कोण, तिथेच गाडी अडते.