मदत हवी आहे: पालकांसाठी गट-समुपदेशन, फोंडा किंवा पणजी

नमस्कार. मुलगा अकरावीत आहे. दरवर्षी माटोळी (गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट) बांधायला तोच स्टुलावर चढायचा, यंदा चतुर्थीला खोलीचं दारही उघडलं नाही. जेवणाचं ताट बाहेर तसंच राहतं. बांबोळीला उपचार सुरू आहेत. डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही दोघांनीही शिकायला हवं: कधी विचारायचं, कधी नुसतं शेजारी बसायचं. ते पटलं, कारण मी घाबरले की ओरडते आणि हे गप्प होतात.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलून मला धीर आला. पण अशाच आईबापांसोबत, तज्ज्ञांसमोर बसून बोलायचंय. १९९६ पासून गोव्यात असलेल्या 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेकडे असा गट चालतो का? मराठी-कोंकणीतून, रविवारी असेल तर हेही येतील. कुणी गेलंय का? कृपया कळवा.